एका वाटीपुरता चिकाचा हलवा केला तर चालेल का?

ठाणेकर नर्स | २७ ऑगस्ट २०२६

शालोम. प्रश्न हलव्याचा आहे, पण थोडं मागचं सांगितल्याशिवाय तो नीट विचारता येणार नाही.

मी एकसष्ट वर्षांची, निवृत्त नर्स. मिस्टर जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा इस्राएलात अश्दोदला, मुलगी लोदला. आमच्या घरी नव्याच्या सणाला, म्हणजे आपल्या ज्यू नववर्षाला, रोश हशानाला, चिकाचा हलवा म्हणजे तीन दिवसांचं काम असायचं. गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, फडक्यातून पिळून चीक काढायचा, तो रात्रभर बसू द्यायचा. मग पितळी पातेल्यात नारळाच्या दुधात घालून तास-दीड तास ढवळत राहायचं. सासूबाई आणि मी आळीपाळीने बसायचो. सहा नारळ लागायचे. तीन थाळे भरायचे आणि निम्मा हलवा आळीत वाटला जायचा.

गेल्या वर्षी मी काहीच केलं नाही. मनगटं दुखतात हे एक कारण, आणि करायचं कुणासाठी हे दुसरं, खरं कारण.

योम किप्पुरला, म्हणजे दरफाळणीच्या उपासाला, मात्र सिनेगॉगमध्ये, आपल्या प्रार्थनास्थळात, गेले. गेल्या वर्षी दरफाळणी आणि दसरा एकाच दिवशी, २ ऑक्टोबरला आले होते. बाहेर टेंभी नाक्यावर देवीचे ढोल आणि आत आमची नेईला, दिवसाची शेवटची प्रार्थना, चाललेली. शोफार, म्हणजे शिंग, वाजला, उपास संपला, सगळे घाईघाईने घरी निघाले. मी पायरीवर चप्पल शोधत होते. एका अनोळखी बाईने पर्समधून डबी काढली आणि माझ्या हातावर एक खजूर ठेवला. थोडा सुकलेला होता, साल एका बाजूने सुटलेली. मी तिथेच उभ्याने आशीर्वाद म्हटला आणि खाल्ला. अगदी हळू. बी कितीतरी वेळ तोंडात राहिली.

मला रडू आलं. दिवसभराच्या प्रार्थनेत आलं नव्हतं, ते त्या खजुराने आलं. देव इथे आहे असं जे वाटलं, ते तेव्हा वाटलं.

म्हणून विचारते. ही खाण्याची हाव म्हणायची का? पंचवीस तास कोरडं राहिल्यावर कुणालाही गोड गोडच लागणार. आणि यंदा हलवा करावासा वाटतोय, पण एका वाटीपुरता. एकट्या माणसाने एवढासा हलवा केला तर तो सण होतो का? आणि वाटीभर चिकाचं प्रमाण कुणाला माहीत आहे का?

---

अश्दोदची मावशी | २७ ऑगस्ट

ताई, आधी प्रमाण सांगते, म्हणजे हातात काहीतरी असेल.

एक वाटी गहू घ्या. दोन रात्री भिजवले तरी पुरतात, पाणी मात्र सकाळ-संध्याकाळ बदला, नाहीतर आंबूस वास येतो. मिक्सरमध्ये वाटा आणि फडक्यातून दोनदा पिळा. रात्रभर ठेवलं की वरचं पाणी पिवळसर होतं, ते अलगद ओता. खाली बसलेल्या दाट पांढऱ्या चिकातला अर्धी वाटी घ्या. त्याला दोन वाट्या नारळाचं दूध, पाऊण वाटी साखर, मीठ चिमूटभर. सगळं गार असतानाच एकत्र कालवा, गुठळी होणार नाही. मंद आचेवर पंचवीस मिनिटं. मनगटांसाठी लाकडी उलथनं घ्या आणि गॅसजवळ खुर्ची ओढून बसून ढवळा. हलवा कडेने सुटायला लागला आणि तूप न घालताही चकाकला की झाला. वेलची, जायफळ, वरून बदामाचे काप. गुलाबी रंग घालायचा की नाही ते तुमच्या घरचं. आमच्याकडे घालतात.

आता दुसरी गोष्ट. मी अठराव्या वर्षी इकडे इस्राएलात, दिमोनाला आले. पहिल्या सणाला आईकडे ना नारळ होता ना पातेलं. तिने कणीक पाण्यात धुवून धुवून त्यातून थोडासा चीक काढला आणि साध्या पाण्यात साखर घालून शिजवला. बशीभर झाला. नारळाशिवाय तो हलवा नव्हताच, लापशीसारखा लागत होता. वडिलांनी किद्दुश, म्हणजे सणाच्या पेल्यावरचा आशीर्वाद, म्हटला, मनुकांचं शरबत फिरवलं, मग आईने चमच्याचं टोक भरून प्रत्येकाच्या हातावर तो ठेवला. वडील म्हणाले, "पेणचा हलवा." बस, एवढंच. पन्नास वर्षांत मी शेकडो वड्या खाल्ल्या असतील, पण आठवतं ते चमच्याचं टोक.

म्हणून करायचं कुणासाठी, असं विचारू नका. देवासमोर तोंड गोड करायला एक माणूस पुरतो.

---

अलिबागचा जुना | २८ ऑगस्ट

बाई, तुम्ही हाव हा शब्द वापरलात, तो मला खटकला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बायबलातल्या नहेम्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय काढून बघा. सातव्या महिन्याचा पहिला दिवस, म्हणजे आपला रोश हशानाच. एज्रा लोकांसमोर तोरा, म्हणजे मोशेचं धर्मशास्त्र, वाचतो आणि लोक ऐकून रडायला लागतात. त्या वेळी त्यांना काय सांगितलं जातं? आणखी रडा, असं नाही. जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, आणि ज्याच्या घरी काही तयार नाही त्याला वाटा पाठवा, कारण आजचा दिवस प्रभूचा पवित्र दिवस आहे. दिवस पवित्र आहे म्हणून गोड खा! गोड हे पूजेनंतरचं बक्षीस नाही, तो त्या दिवसाचाच भाग आहे. आणि तुमच्या खजुराची बाईही त्याच वाक्यात आहे. तुमच्याकडे काही तयार नव्हतं, तिने वाटा दिला.

योम किप्पुरच्या आदल्या दिवशीचंही तसंच. तल्मूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, योमा या भागात म्हटलंय की, तिश्री महिन्याच्या नवमीला जो खातो-पितो, त्याने नवमी आणि दशमी अशा दोन्ही दिवशी उपास केल्यासारखं धरावं. म्हणजे त्या दिवशीचा घास उपासाच्याच हिशोबात जमा होतो.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट यरुशलेमी तल्मूदात आहे, किद्दुशीन या भागाच्या अगदी शेवटी. डोळ्यांनी पाहिलेलं आणि न खाल्लेलं जे जे चांगलं, त्याचा जाब माणसाला द्यावा लागेल, असं तिथे म्हटलंय. रब्बी एलाझार यांनी हे इतकं मनावर घेतलं की ते पै-पै बाजूला ठेवायचे आणि प्रत्येक नवा जिन्नस वर्षातून एकदा तरी खायचे. सांगणारे सांगतात की ते गरीब होते. मला त्यांची ती नाणी दिसतात. मेजवानीला पुरणारी नाहीत, एका फळापुरती.

तेव्हा वाटीभर हलवा निर्धास्त करा. फक्त आशीर्वाद घाईत उरकू नका. आशीर्वादाशिवाय या जगातलं काही उपभोगणं म्हणजे देवाला वाहिलेल्या वस्तूला हात लावणं, असं तल्मूदच्या बराखोथ या भागात म्हटलंय. पायरीवर, पंचवीस तासांनंतर, तुम्ही आधी आशीर्वाद म्हटलात. हावरट माणूस तेवढा थांबत नाही.

---

रास्ता पेठ | २८ ऑगस्ट

माझ्या बाबांना मधुमेह आहे. हलवा, पुऱ्या, शरबत, सगळं मोजूनमापून. पहिल्या वर्षी ते सणाच्या टेबलावरून उठूनच गेले होते, ते मला फार लागलं.

आता आम्ही सणाच्या दुसऱ्या रात्री जे नवं फळ, मोसमात पहिल्यांदाच, खातात त्यावर भर देतो. डाळिंब आपल्याकडे बाराही महिने मिळतं, त्यात नवं काही वाटत नाही. म्हणून ऑगस्टपासून घरात सीताफळ आणायचं नाही, कुणी दिलं तरी नाही. दुसऱ्या रात्री एकच फोडायचं. बाबांच्या वाट्याला चार गरे. ते शेहेखेयानू हा आशीर्वाद म्हणतात, ज्याने आम्हाला जिवंत ठेवलं, सांभाळलं आणि या वेळेपर्यंत आणून पोहोचवलं, आणि मग एकेक गर जिभेवर घोळवून काळी बी बशीत ठेवतात. टक, असा आवाज होतो. चार बिया व्हायला दहा मिनिटं लागतात आणि तोवर टेबलावर कुणी बोलत नाही.

---

पनवेलकर | २९ ऑगस्ट

एक व्यवहाराची गोष्ट. यंदा रोश हशानाचा पहिला दिवस शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस आहे, १२ सप्टेंबर. हलवा शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत होऊन गार झालेला हवा. पहिल्या दिवशी शोफारही नाही, तो रविवारी. आणि जेवणात मटण असेल तर हलवा नारळाच्या दुधाचाच ठेवा, पातळ वाटला म्हणून गाईचं दूध ओतू नका, मांसाबरोबर ते चालत नाही. कुणी नवखं वाचत असेल म्हणून लिहिलं.

---

ठाणेकर नर्स | २२ सप्टेंबर २०२६

आज शिळा सण, दरफाळणीचा दुसरा दिवस. सगळ्यांना उत्तर द्यायचं राहिलं होतं.

हलवा केला. मावशींनी सांगितल्याप्रमाणे खुर्चीवर बसून. अठ्ठावीस मिनिटं लागली. मध्ये एकदा वाटलं की बिघडला, पांढरट गोळा नुसता चमच्याला चिकटत होता. मग एकदम पारदर्शक झाला आणि कडेने सुटला. तो क्षण सासूबाई हाक मारून दाखवायच्या, "बघ, आरसा झाला." मी मोठ्याने म्हटलं, "आरसा झाला." घरात कुणी नव्हतं, तरी म्हटलं.

छोट्या ताटलीत ओतला, आठ वड्या पडल्या. शुक्रवारी रात्री किद्दुश मीच म्हटला, अडखळत. मग एक वडी. अलिबागच्या काकांचं लक्षात ठेवून आशीर्वाद शब्द न् शब्द म्हटला. हलवा सासूबाईंच्या हलव्याइतका मऊ नव्हता, पण नारळ ताजा होता आणि जायफळ शेवटी घशाशी आलं. मी डोळे मिटून बसले. बराच वेळ.

दोन वड्या समोरच्या घरी दिल्या, त्यांच्याकडे सोमवारी गणपती बसायचे होते. दोन खालच्या मजल्यावरच्या आजींना, त्यांच्याकडे कुणी येत नाही. मुलीने व्हिडिओवर वडी बघितली आणि विचारलं, "रंग घातलास ना?" घातला होता.

काल दरफाळणीला पर्समध्ये डबी नेली, सहा खजुरांची. नेईला संपल्यावर पायरीवर उभी राहिले. गेल्या वर्षीची बाई दिसली नाही. एक कॉलेजातली मुलगी भिंतीला टेकून उभी होती, चेहरा पांढराफटक. तिला एक दिला. तिने तोंडात टाकला, मग तोंडावर हात धरून विचारलं, "आंटी, आशीर्वाद कोणता?" आम्ही तो बरोबर म्हटला.

मावशी, अर्धी वाटी चीक उरला होता, तो फ्रीझरमध्ये ठेवलाय. शुक्रवारी संध्याकाळपासून सुक्कोथ, मांडवांचा सण. सिनेगॉगच्या सुक्क्यात, म्हणजे मांडवात, खाण्यासाठी आणखी एक ताटली करावी म्हणते. गोठवलेला चीक पुन्हा तसाच सुटतो का, की नवीन गहू भिजवू? आज रात्री कळवलंत तर भिजवायला वेळ मिळेल.