भाचीचे तीन विषय: शीख स्त्रिया, इंजिनिअरिंग आणि क्वांटम

गोदाकाठची मावशी:
नमस्कार मंडळी. माझी भाची नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकते. सेमिनारला तिने क्वांटम संदेशवहन घेतलंय आणि सोबत शीख धर्मातल्या स्त्री-पुरुष समानतेवर टिपणं काढतेय. सुट्टीच्या दिवशी हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात जाऊन बुंगा माई भागोपाशी, म्हणजे लढवय्या माई भागोंच्या नावाच्या खोलीपाशी, वही घेऊन बसते. बहीण म्हणते, एकच काहीतरी धर. मला तिला असं सांगवत नाही. या वाटेने गेलेलं कुणी माहीत आहे का? आणि माई भागोंबद्दल कुठून सुरुवात करावी?

जॉइंटवाले काका:
ताई, अजिबात अडवू नका. माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात फायबरचे जॉइंट करण्यात गेली, त्यामुळे नरिंदरसिंग कपानी हे नाव मला फार जवळचं. जन्म १९२६, पंजाबातलं मोगा. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत त्यांनी काचतंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे पोचवलं. तो निबंध १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. पुढे अमेरिकेत कंपन्या काढल्या आणि १९६७ मध्ये शीख फाउंडेशनही उभं केलं. कॅलिफोर्निया विद्यापीठात सांता बार्बराला शीख अध्ययनाचं अध्यासन आहे, ते त्यांच्या आईच्या, कुंदन कौर यांच्या नावाने. सांता क्रूझला ऑप्टोइलेक्ट्रॉनिक्सचं, म्हणजे प्रकाश आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची सांगड घालणाऱ्या विषयाचं. दोन्ही कामं त्यांनी आयुष्यभर मनापासून केली.

आता तिचं क्वांटम. क्वांटम की वितरणात, म्हणजे गुप्त संदेशाची किल्ली पोचवताना, एकेक फोटॉन (प्रकाशाचा कण) याच तंतूतून पाठवतात. आमच्या लाइनीत सिग्नल मंदावला की मध्ये अ‍ॅम्प्लिफायर बसवायचो. इथे तो चालत नाही, कारण सिग्नल वाढवणं म्हणजे त्याच्या प्रती काढणं, आणि अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढताच येत नाही. म्हणजे प्रत्येक जॉइंटमध्ये गेलेला प्रकाश गेलाच. तिला लॅबमध्ये तंतू जोडायच्या स्प्लायसिंग मशीनवर हात बसवू द्या. कडा नीट कापली नाही तर लॉस, म्हणजे वाया जाणारा प्रकाश, किती वाढतो, हे एकदा मीटरवर बघितलं की सेमिनारची निम्मी तयारी झाली.

पतियाळ्याची सून:
मी माहेरची परभणीची. माई भागो अमृतसरजवळच्या झबालच्या. आनंदपूरच्या वेढ्यात ४० शीख गुरू गोविंदसिंगांना सोडून घरी परतले होते. त्यांना खडसावून त्या पुन्हा लढायला घेऊन गेल्या. १७०५ मध्ये खिदराण्याला लढाई झाली, तेच आजचं मुक्तसर. पुढे त्या गुरू गोविंदसिंगांबरोबर नांदेडला आल्या. गुरूंच्या निधनानंतर बिदरजवळ जिनवाड्याला राहिल्या.

पण तिला म्हणावं, शौर्यापाशी थांबू नकोस. लंगर, म्हणजे गुरुद्वाऱ्यातली सगळ्यांची एकत्र पंगत, बघ. गुरू अंगद यांच्या पत्नी माता खिवी यांचं नाव आणि त्यांच्या लंगरातली तुपाची खीर, दोन्ही ग्रंथसाहिबात आहेत. गुरू अमरदासांनी सती आणि पडदा दोन्हींना विरोध केला. १९२५ च्या गुरुद्वारा कायद्याने गुरुद्वारा समितीच्या निवडणुकीत बायकांना मत मिळालं, आणि १९९९ मध्ये बीबी जागीर कौर गुरुद्वारे सांभाळणाऱ्या शिरोमणी समितीच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

आणि हेही लिहिलंच पाहिजे: २००१ च्या जनगणनेत पंजाबात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे ७९८ मुली होत्या. त्याच वर्षी अकाल तख्ताने, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाने, स्त्रीभ्रूणहत्येविरुद्ध हुकूमनामा (धार्मिक आदेश) काढला. २०११ मध्ये आकडा ८४६ झाला, तरी मला तो बोचतोच. दरबार साहिबात, म्हणजे अमृतसरच्या सुवर्णमंदिरात, बायकांनीही कीर्तन करावं, असा ठराव पंजाब विधानसभेने नोव्हेंबर २०१९ मध्ये केला. शीख आचारसंहितेनुसार (रहित मर्यादा) बाई अमृत देणाऱ्या पंज प्याऱ्यांत, म्हणजे पाच जणांत, बसू शकते, मग कीर्तनाला का नाही? माझ्या सासूबाई पहाटेची प्रार्थना, आसा दी वार, इतकी सुरेख म्हणतात की हा प्रश्न मला घरातच पडतो. भाचीने तो टिपणात सरळ विचारावा.

गोदाकाठची मावशी:
काका, सूनबाई, दोघांचंही तिला वाचून दाखवलं. स्प्लायसिंगसाठी ती उद्याच लॅबच्या सरांना विचारणार आहे. आणि जिनवाड्याला जायचं म्हणतेय. बिदरपासून पुढे बस मिळते का, की रिक्षाच करावी लागेल?