मावशीच्या दंडांवरील डागांबद्दल तातडीने सल्ला हवा आहे

अनामिका:
माझ्या मावशीच्या दोन्ही दंडांवर काळेनिळे डाग दिसले. मी तिला विचारले, परंतु तिने तोंड उघडण्याआधीच तिच्या मुलाने ती न्हाणीघरात पडल्याचे सांगून टाकले. तक्रार करावी तर ती त्याच्याच घरी राहते, आणि गप्प बसणे मला जमणार नाही. कृपया नेमका उपाय सांगा. ‘तिच्याशी बोलून पाहा’ असे सुचवू नये, कारण तो आम्हांला एकटे सोडतच नाही.

रोखठोक:
आजच पोलिसांत जा. अशा मुलांना समज देऊन काही होत नाही.

निवृत्त परिचारिका:
मावशींना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? डाग नेमके कुठे आहेत? उतारवयात त्वचा पातळ होते आणि कोपराखाली किंवा पंजामागे किरकोळ धक्क्यानेही जांभळे डाग पडतात, त्यावरून कोणाला दोषी धरणे अन्यायाचे ठरेल; परंतु दोन्ही दंडांच्या आतल्या बाजूस बोटांसारखे ठसे असतील, तर कोणीतरी घट्ट धरून हिसकल्याची शंका घ्यावीच लागते.

सुबोध:
पोटचा मुलगा असे करील, यावर माझा विश्वास बसत नाही. माझ्या आईला स्मृतिभ्रंश झाला, तेव्हा ती आमच्यावर चोरीचा आळ घेत असे.

निवृत्त परिचारिका:
सुबोध, इथे मावशींनी कोणावरही आळ घेतलेला नाही. त्यांना बोलूच दिलेले नाही. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठी ओलांडलेल्या सुमारे 6 व्यक्तींपैकी एकीला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या छळाला तोंड द्यावे लागते.

संध्याछाया:
चांगला वृद्धाश्रम निवडताना रात्रपाळीला किती कर्मचारी असतात, हे अवश्य विचारावे.

रोखठोक:
वृद्धाश्रमाचा विषय कोणी काढला?

अनामिका:
इतके प्रश्न येतील असे वाटले नव्हते. गोळी चालू आहे. डाग आतल्या बाजूसच आहेत. विस्मरण अजिबात नव्हते, अगदी अलीकडेपर्यंत ती स्वतःचा हिशेब स्वतः ठेवत असे. आता मात्र ती दिवसभर पेंगते, तिचा फोन मुलाकडे असतो आणि निवृत्तिवेतनही तोच काढतो.

निवृत्त परिचारिका:
पेंगण्याचा उल्लेख सर्वांत आधी यायला हवा होता. रक्त पातळ करणारी गोळी घेणारी व्यक्ती खरोखरच पडली असेल, तर डोक्यात हळूहळू रक्तस्राव होऊ शकतो. पडली नसेल, तर झोपेच्या औषधाचा जादा डोस, जंतुसंसर्ग किंवा शरीरातील पाणी कमी होणे, यांपैकी काहीही असू शकते. म्हणून आजच रुग्णालयात न्या. मुलावर आरोप करू नका. ‘ती पडली’ हे त्याचेच म्हणणे पुढे करा, म्हणजे त्याला नकार देणे कठीण जाईल. सगळ्या औषधांची पाकिटे सोबत घ्या.

रोखठोक:
आणि तोवर तो खाते रिकामे करील, त्याचे काय?

निवृत्त परिचारिका:
खात्याचे उद्या पाहता येईल. रक्तस्राव असेल, तर तो उद्यापर्यंत थांबणार नाही.

अनामिका:
तो तपासणीच्या खोलीतही आत आला तर?

निवृत्त परिचारिका:
डॉक्टरांना आधीच बाजूला गाठून डागांची जागा सांगा आणि मावशींना एकटीने तपासण्याची विनंती करा. तो नेण्यासच तयार झाला नाही, तर मात्र रुग्णवाहिका आणि पोलीस दोघांनाही बोलवा. तेवढ्यापुरते रोखठोक यांचे म्हणणे मला मान्य आहे.