सामायिक कार्यशाळेतील सीएनसी राउटरभोवतीच्या सुरक्षेबाबत मदत हवी आहे

नमस्कार.

बेळगावात उद्यमबागेच्या परिसरात आम्ही काही सुतार, फर्निचर करणारे आणि नक्षीकाम करणारे मिळून एक कार्यशाळा चालवतो. तेथे चार बाय आठ फुटांची अख्खी शीट मावेल एवढा सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेनुसार लाकूड कापणारे व कोरणारे यंत्र) असून त्याचा स्पिंडल, म्हणजे कापणारे बिट धरून फिरवणारा भाग, मिनिटाला २४,००० फेऱ्यांपर्यंत फिरतो. यंत्र चालवणारे बहुतेक जण शिकलेले आणि सावध आहेत. मला काळजी वाटते ती आजूबाजूच्या माणसांची. कारण जॉब सुरू करणारा एक असतो आणि यंत्राला लागून शीट वाहून नेणारा, किंवा आपले काम कुठवर आले हे वाकून पाहणारा दुसराच असतो. गणेशोत्सवाच्या तोंडावर मखरांची कामे एकदम येतात, तेव्हा तर ग्राहकही शेडमध्ये येऊन उभे राहतात.

मध्यंतरी एमडीएफमधून (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या शीटमधून) कापून सुटा झालेला एक तुकडा बिटाला लागून टेबलाबाहेर भिरकावला गेला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही, परंतु तो पडला ती नेहमीची ये-जा करण्याची वाट आहे. शीट टेबलाला धरून ठेवणाऱ्या व्हॅक्यूमची पकड लहान तुकड्याखाली अपुरी पडते, म्हणून आता अशा जॉबमध्ये टॅब, म्हणजे तुकडा शीटला जोडून ठेवणारे न कापलेले छोटे भाग, सोडतो किंवा तुकडा स्क्रूने बसवतो. तेवढा प्रश्न सुटला आहे. माणसांना दूर ठेवण्याचा सुटलेला नाही.

एका विक्रेत्याने प्रकाशकिरणांचा पडदा, म्हणजे लाइट कर्टन, सुचवला आहे. किरण तुटला की यंत्र थांबते, हे खरे. पण गॅन्ट्री, म्हणजे स्पिंडलला टेबलावरून सरकवणारी चौकट, लगेच थांबली तरी वीज तोडल्यावर स्पिंडल मोकळा फिरत राहतो आणि आमच्याकडे तो पूर्ण थांबायला सुमारे आठ सेकंद लागतात. सुरक्षित अंतर काढताना चालत्या माणसाचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरतात. त्या हिशेबाने पडदा यंत्रापासून तेरा मीटरच्या आसपास लावावा लागेल, आणि आमच्या शेडची रुंदीही तेवढी नाही. शिवाय उडालेला तुकडा प्रकाशाच्या पडद्याने अडत नाही. म्हणून माझा कल पॉलीकार्बोनेटचे तावदान असलेल्या बंदिस्त कुंपणाकडे आणि स्पिंडल थांबेपर्यंत न उघडणाऱ्या कुलूपबंद दाराकडे आहे. मात्र अख्खी शीट चढवता-उतरवताना असे दार अडचणीचे होते आणि मग लोक ते उघडेच राहावे म्हणून त्याचा स्विच तारेने बांधून टाकतात, असे इतर ठिकाणी पाहिले आहे.

दुसरा प्रश्न आणीबाणीच्या बटणाचा. ते दाबल्यावर ड्राइव्हची (स्पिंडलचा वेग नियंत्रित करणाऱ्या उपकरणाची) वीज तत्काळ तोडावी, की ब्रेकिंग रेझिस्टर (वेग आवरताना निर्माण होणारी ऊर्जा उष्णतेत घालवणारा भाग) बसवून आधी ड्राइव्हकडूनच स्पिंडल आवरावा आणि मग वीज तोडावी? मला दुसरा मार्ग योग्य वाटतो, परंतु ड्राइव्हच बिघडली असेल तर काय, याचे उत्तर हवे. वीज जाऊन परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होऊ नये यासाठी कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज गेली की सुटणारा आणि बटण दाबल्याशिवाय पुन्हा न जोडला जाणारा स्विच, बसवलेला आहे.

हातमोजे आणि सैल कपडे घालून, किंवा मनगटावर दोरा बांधून यंत्राजवळ जाण्यास बंदी आहे, आणि तशा पाट्या कन्नड, मराठी व हिंदीत लावल्या आहेत. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच नोंदवले असल्यामुळे धूळ ओढणारे यंत्र चालू असल्याखेरीज स्पिंडल सुरूच होणार नाही, अशी जोडणीही करत आहोत. बोथट बिटामुळे तापलेला निखारा या धूळ ओढणाऱ्या यंत्राच्या पिशवीत जाऊन आग लागू शकते. ही पिशवी शेडबाहेर ठेवणाऱ्यांनी पावसाळ्यात काय व्यवस्था केली, तेही सांगावे.

निपाणी, खानापूर, चिकोडी किंवा कोल्हापूरकडे कोणी सामायिक जागेत असे कुंपण प्रत्यक्ष वापरत असेल, तर दाराची रचना, शीट चढवण्याची पद्धत आणि कुलपाची किल्ली कोणाकडे असते, हे कृपया सविस्तर लिहावे. जवळपास असल्यास पाहायला येण्याची आमची तयारी आहे.