क्यूब्जला पिचर हवा, पण कुठल्या इनिंगसाठी?

नेपरव्हिलहून

नमस्कार मंडळी,

शनिवारी, ११ ऑक्टोबरला, मिलवॉकीत ब्रुअर्सविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेतला पाचवा सामना ३-१ने गेला आणि आपल्या शिकागो क्यूब्जचा २०२५चा बेसबॉल सीझन संपला. त्या सामन्याची पहिली इनिंग कोणी टाकली ते आठवा. ड्रू पोमेरांझने, म्हणजे एका रिलीव्हरने, एरवी सामन्याच्या उत्तरार्धात येणाऱ्या बदली पिचरने. मालिकेचा निकाल लावणाऱ्या सामन्यात डोळे मिटून चेंडू हातात द्यावा असा एकही स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, उरला नव्हता. जस्टिन स्टील एप्रिलमध्येच कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे वर्षभरासाठी बाहेर गेला. ऑलस्टार ब्रेकनंतर सगळ्यांत चांगला खेळलेला केड हॉर्टन सप्टेंबरअखेर बरगडीच्या दुखापतीने बसला. मग ब्रुअर्सविरुद्ध पहिल्याच सामन्यात मॅथ्यू बॉइडला जेमतेम तीन दिवसांच्या विश्रांतीवर उतरवलं. त्याला पहिली इनिंगसुद्धा पुरी करता आली नाही.

माझं स्पष्ट मत असं की ३१ जुलैला, ट्रेडच्या (संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीच्या) डेडलाइनला, मोठा पिचर घ्यायला हवा होता. तेव्हा राहिलं ते निदान या हिवाळ्यात व्हावं, आणि त्यासाठी आपल्या तरुण ओवेन काइसीला द्यावं लागलं तरी द्यावं. तुम्हा जाणकारांना काय वाटतं?

शॉमबर्गहून

दादा, नमस्कार.

तुमची तळमळ पटते, पण "पिचर हवा" या दोन शब्दांत तीन वेगवेगळ्या गरजा दडलेल्या आहेत आणि तिन्हींचे भाव वेगळे आहेत. आधी त्या सुट्या करू.

पहिली गरज म्हणजे सीझनभर इनिंग उचलणारा माणूस. १६२ सामने म्हणजे साधारण १,४५० इनिंग. २६ जणांच्या संघात पिचर जास्तीत जास्त १३. एक स्टार्टर आडवा झाला की त्याच्या इनिंग बुलपेनवर (रिलीव्हरांच्या ताफ्यावर) पडतात, बुलपेन थकलं की मायनरमधून (खालच्या लीगमधून) रोज नवा हात बोलवावा लागतो, आणि ऑगस्टपर्यंत सातव्या-आठव्या इनिंगच्या माणसांचा वेग उतरायला लागतो. ही गरज भागवणारा पिचर स्वस्तात मिळतो. यंदा कॉलिन रियाने हेच काम केलं आणि त्यासाठी ट्रेडही करावा लागला नाही, तो फ्री एजंट म्हणून, म्हणजे कुठल्याच संघाशी करार नसताना, आला.

दुसरी गरज ऑक्टोबरच्या पहिल्या दोन सामन्यांची. तिथे पाचवा स्टार्टर लागतच नाही, चौथा कसाबसा लागतो. तीन चांगले असले की पुरतं, पण ते तीन खरोखर चांगले असावे लागतात. क्यूब्जचं अडलं ते इथे. याचा भाव सगळ्यांत चढा, कारण असा माणूस ज्याच्याकडे आहे त्याला विकायची घाई नसते.

तिसरी गरज सातवी ते नववी इनिंग. यंदाच्या जुलैत याचा बाजार किती तापला होता ते बघा. सॅन डिएगोच्या पाद्रेजनी मेसन मिलर आणि जे. पी. सीअर्ससाठी अॅथलेटिक्सला चार प्रॉस्पेक्ट (होतकरू तरुण खेळाडू) दिले, त्यात लिओ डी व्ह्रीससारखा अठरा वर्षांचा शॉर्टस्टॉप. फिलीजनी योआन दुरानसाठी मिक एबेल आणि एदुआर्दो ताइत हे दोघे दिले. रिलीव्हरला एवढं का मोजलं? वर्षांसाठी. मिलर २०२९पर्यंत पाद्रेजच्या ताब्यात राहतो, दुरान २०२७पर्यंत.

ट्रेडमध्ये माणूस विकत मिळत नाही, त्याची उरलेली वर्षं मिळतात. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत खेळाडू संघाकडे बांधलेला असतो. पहिली तीनेक वर्षं किमान पगाराच्या आसपास, पुढची लवादाने ठरलेल्या पगारावर. सेवेचं एक वर्ष १७२ दिवसांचं धरतात. म्हणून तीन वर्षं उरलेला मध्यम स्टार्टर दोन महिने उरलेल्या उत्तम स्टार्टरपेक्षा महाग पडतो. आणि दोन महिन्यांवाल्याची आणखी एक खोट आहे. सीझनच्या मध्यात ट्रेडने आलेल्या खेळाडूला नवा संघ क्वालिफाइंग ऑफर (एका वर्षाच्या ठरावीक पगाराचा प्रस्ताव) देऊ शकत नाही. तो निघून गेला तर मोबदल्यात ड्राफ्टची जागाही हाती लागत नाही.

आता काइसी. काइल टकर फ्री एजंट होतोय, म्हणजे राइट फील्ड रिकामं होणार. काइसी डावखुरा, कोपऱ्यातला आउटफिल्डर. त्याला देऊन पिचर आणला की तीच जागा भरायला पुन्हा पैसे मोजावे लागतील. किंमत दुप्पट होते. देऊच नये असं नाही, पण समोरून येणाऱ्या पिचरची किमान तीन वर्षं उरलेली असावीत, नाहीतर हा सौदा करू नये.

अरोराहून

नमस्कार,

शॉमबर्गच्या काकांनी वर्षांचा हिशेब छान मांडला. त्याला मी हाताचा हिशेब जोडते, कारण यंदा क्यूब्जचा घात तिथे झाला.

३० आणि ३१ जुलैला त्यांनी तीन पिचर घेतले: वॉशिंग्टनकडून मायकल सोरोका, बाल्टिमोरकडून अँड्र्यू किट्रेज, पिट्सबर्गकडून टेलर रॉजर्स. स्टार्टर त्यातला एकच, सोरोका. ४ ऑगस्टला रेड्जविरुद्ध तो पहिल्यांदा उतरला आणि दोन इनिंगनंतर खांदा धरून बाहेर गेला. सप्टेंबरमध्ये परतला तो रिलीव्हर म्हणून. त्याच्यासाठी रॉनी क्रूझ आणि क्रिस्चन फ्रँकलिन असे दोन प्रॉस्पेक्ट दिले होते.

याची खूण आधी दिसत होती. ट्रेडच्या आधीच त्याचा फास्टबॉल सीझनच्या सुरुवातीपेक्षा उतरलेला होता. पिचर घेताना ईआरए (दर नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर पडलेल्या धावा) सगळ्यांत शेवटी बघावा. आधी बघायचा तो वेग, आणि तोही वर्षाच्या सरासरीत नव्हे तर शेवटच्या पाच-सहा सामन्यांत एकेक करून. पहिल्या इनिंगचा वेग आणि पाचव्या इनिंगचा वेग शेजारी शेजारी ठेवायचे. मग चेंडू हातातून सुटण्याची उंची: खांदा दुखायला लागला की पिचरच्या नकळत हात खाली येतो. मग कुठला चेंडू किती वेळा टाकतोय ते. फास्टबॉल अचानक कमी करून कोणी चेंजअपवर भर देत असेल तर कारण विचारलंच पाहिजे. शेवटी गेल्या वर्षीच्या इनिंग. दुखापतीतून उठलेल्या माणसाने गेल्या वर्षी ८० इनिंग टाकल्या असतील आणि जुलैतच त्याचा आकडा १०० झाला असेल, तर ऑक्टोबरमध्ये त्याच्याकडून काय मिळणार?

वैद्यकीय कागदांचंही तसंच. ट्रेड ठरताना संघ एकमेकांना खेळाडूंच्या नोंदी दाखवतात आणि त्या पाहून समोरचा नाही म्हणू शकतो. २०१५च्या जुलैत मेट्स आणि ब्रुअर्समधला कार्लोस गोमेझचा ट्रेड असाच मोडला. आपण त्या ट्रेडमध्ये गेलो असं कळून मेट्सचा विल्मर फ्लोरेस मैदानावर रडत होता ते चित्र सगळ्यांना आठवतं, पण मोडण्याचं कारण कागदांत होतं. डेडलाइनच्या दिवशी शिकागोच्या घड्याळात संध्याकाळी पाचला दार बंद होतं. त्या दिवशी नवा एमआरआय काढून, वाचून, मत घ्यायला सवड कुठून मिळणार? जे कागदावर आहे तेवढ्यावरच ठरवावं लागतं.

आणि कागदावर सगळं असेलच असं नाही. २०१६मध्ये सॅन डिएगोने पोमेरांझ बोस्टनला दिला तेव्हा सगळ्या वैद्यकीय नोंदी दाखवल्या नाहीत, म्हणून मेजर लीगने पाद्रेजचे जनरल मॅनेजर ए. जे. प्रेलर यांना ३० दिवस बिनपगारी निलंबित केलं. त्याच जुलैत सॅन डिएगोने एक पिचर मायामीला दिला. तो पहिल्याच सामन्यात चौथ्या इनिंगमध्ये कोपर धरून बाहेर पडला. मायामीने त्याला परत पाठवलं आणि बदल्यात स्वतःचा एक मुलगा परत घेतला. परत आलेला तो मुलगा म्हणजे लुईस कास्तियो, जो पुढे सिनसिनाटीचा पहिल्या नंबरचा स्टार्टर झाला. परत पाठवलेला पिचर होता कॉलिन रिया. म्हणजे यंदाच्या क्यूब्जचे पोमेरांझ आणि रिया हे दोघेही त्या उन्हाळ्यातल्या ट्रेडमधलेच. असा सौदा मागे फिरणं फार क्वचित घडतं, त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं, मोठा पिचर घ्यायचा तर तो हिवाळ्यातच घ्यावा. नोव्हेंबर ते जानेवारीत तपासणीला वेळ मिळतो आणि दुखणाऱ्या हाताला विश्रांती मिळाल्यावर खरं चित्र दिसतं.

नेपरव्हिलहून

ताई, काका, दोघांचे आभार. पण २०१६चं काय? रिलीव्हर आरोल्दिस चॅपमन दोन-तीन महिन्यांसाठीच आणला होता. ग्लेबर टोरेससकट चार जण यँकीजला दिले, आणि १०८ वर्षांनी विजेतेपद आलं. तुमच्या नियमाने तो ट्रेड झालाच नसता.

शॉमबर्गहून

दादा, प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चॅपमन २५ जुलै २०१६ला आला. क्यूब्जसाठी २८ सामने, १६ सेव्ह, ईआरए १.०१. डिसेंबरात तो यँकीजकडेच परत गेला, पाच वर्षांसाठी ८ कोटी ६० लाख डॉलरवर. टोरेसने २०१९मध्ये यँकीजसाठी ३८ होमरन मारले. २०१६च्याच सुरुवातीला चॅपमनने घरगुती हिंसाचाराबाबतच्या धोरणाखाली ३० सामन्यांचं निलंबन भोगलं होतं, आणि पुष्कळ चाहत्यांना तो आणलेला मनापासून रुचला नाही. ती खंत मलाही रास्त वाटते.

तरी शुद्ध खेळापुरतं बघा. त्या संघाकडे स्टार्टर होते. हवी होती फक्त नववी इनिंग, आणि तेवढीच त्यांनी विकत घेतली. गरज एवढी नेमकी असेल तर दोन महिन्यांचा माणूसही परवडतो. मात्र वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम मालिकेत, त्याला वापरलं कसं तेही बघा: पाचव्या सामन्यात ४२ चेंडू, सहाव्यात २०, सातव्यात ३५. चार दिवसांत ९७. सहाव्या सामन्यात तर सातव्या इनिंगमध्ये पाच धावांची आघाडी असताना त्याला आणलं. सातव्या सामन्यात आठव्या इनिंगमध्ये राजाय डेव्हिसने बरोबरी करणारा होमरन मारला तो या थकलेल्या हातावर. विकत घेतलेल्या इनिंग आधीच खर्चून टाकल्या होत्या.

आता त्याच सातव्या सामन्यातले क्यूब्जचे पाच पिचर ओळीने घ्या. काइल हेंड्रिक्स, जॉन लेस्टर, चॅपमन, कार्ल एडवर्ड्स ज्युनिअर, माइक मॉन्टगोमरी. लेस्टर सोडला तर चौघे ट्रेडने आलेले. त्यांतला डेडलाइनला महाग घेतलेला फक्त चॅपमन. बाकीचे तिघे बघितले की या हिवाळ्यात कुठे शोधायचं ते कळतं.

हेंड्रिक्स २०१२मध्ये टेक्सासकडून आला, रायन डेम्प्स्टरच्या बदल्यात. तेव्हा तो मायनरच्या खालच्या पायरीवर होता, आठव्या फेरीतला ड्राफ्ट. खरं तर डेम्प्स्टर अटलांटाला जायचा ठरला होता, रँडल डेल्गादोच्या बदल्यात. पण मेजरमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात झाली की खेळाडूला ट्रेड नाकारायचा हक्क मिळतो. डेम्प्स्टरने तो वापरला, अटलांटाचा सौदा बारगळला आणि डेडलाइनला काही मिनिटं उरली असताना टेक्सासशी जमलं. २०१६मध्ये नॅशनल लीगमध्ये सगळ्यांत कमी ईआरए हेंड्रिक्सचा होता, २.१३. ट्रेड आखताना हा हक्क आणि करारातलं नकाराचं कलम आधी तपासायचं ते यासाठी.

एडवर्ड्स २०१३मध्ये मॅट गार्झाच्या ट्रेडमधून आला, तेव्हा तोही मायनरमध्येच होता. मॉन्टगोमरी चॅपमनच्या पाच दिवस आधी सिअॅटलहून आला. मोबदल्यात मुख्यतः डॅन व्होगेलबाख गेला. तो फर्स्ट बेसवाला, आणि ती जागा रिझोने अडवलेली होती, म्हणजे क्यूब्जना तो वापरताच आला नसता. स्वतःला न लागणारं देऊन लागणारं आणणं हाच सगळ्यांत स्वस्त ट्रेड.

उलटी बाजू २०१७ची. होसे किंतानासाठी व्हाइट सॉक्सला एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीस दिले. किंतानाची २०२०पर्यंतची वर्षं हातात होती, म्हणजे माझा नियम पाळला गेला होता. तरी त्याचा ईआरए २०१८मध्ये ४.०३, २०१९मध्ये ४.६८. आणि सीस २०२२मध्ये सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात दुसरा आला. वर्षं मोजून भागत नाही, अरोराच्या ताईंची वेगाची वही सोबत लागतेच. पिचर आणायला दुसरा पिचर द्यावा लागत असेल तर मी दहा वेळा विचार करीन. म्हणूनच या हिवाळ्यात जॅक्सन विगिन्स हा तरुण पिचर देऊ नये, काइसी त्यापेक्षा परवडेल.

शोध दोन ठिकाणी घ्यावा. एक, ज्यांचे स्टार्टर लवादाच्या पगारात येताहेत आणि ज्यांना पगार वाचवायचाय असे संघ. मिळाला तर तिथेच ऑक्टोबरचा माणूस मिळेल. दुसरं, ज्यांची ४० जणांची यादी तुडुंब आहे असे संघ. नोव्हेंबरच्या मध्यावर रूल फाइव्ह ड्राफ्टपासून (त्यात यादीबाहेरची मुलं दुसरे संघ उचलू शकतात) मुलं वाचवायला त्यांना जागा करावी लागते, तेव्हा बरे हात थोडक्यात सुटतात. तिथे घेताना ऑप्शन, म्हणजे पिचरला मायनरमध्ये पाठवायची मुभा, उरलेत का ते बघायचंच. ऑप्शन संपलेला पिचर वेव्हरवर टाकल्याशिवाय, म्हणजे आधी इतर संघांना देऊ केल्याशिवाय, मायनरमध्ये धाडता येत नाही, मग तो तेरापैकी एक जागा अडवून बसतो. आणि स्टील एप्रिलपासूनच धावून येईल असं धरून यादी करू नये.

अरोराहून

काका, विगिन्सबद्दल एकदम सहमत. फक्त एक भर. काइसीच्या बदल्यात कोणी आला, तर त्याचे ऑगस्ट आणि सप्टेंबरचे सामने वेगळे काढून बघू. जुलैपर्यंतचा वेग सगळेच दाखवतात. सप्टेंबरच्या शेवटच्या तीन सामन्यांत सहाव्या इनिंगमध्ये फास्टबॉल कितीचा होता, ते मला आधी हवंय.