तोरुनमध्ये (पोलंड) फुटबॉल कुठे खेळता येईल?

डिचोलीकर: मुलगा ऑक्टोबरपासून तोरुनच्या कोपर्निकस विद्यापीठात शिकायला जातोय. कापणी झाली की शेतात अनवाणी खेळणारा पोर, लेफ्ट बॅक. अभ्यासाची काळजी नाही, संध्याकाळची आहे. थंडीत खोलीत मोबाइल घेऊन बसला तर संपलंच. तिथे कोणी राहिलंय का?

मडगावची_मी: काका, मी दोन वर्षं होते. फुटबॉलचा क्लब आहे, एलाना. पण खरं सांगू? शहराचा जीव आहे आपातोर क्लबमध्ये, म्हणजे स्पीडवेत, मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यतींत. मोटोअरेना 2009 ची, फक्त त्यासाठीच बांधलेली. चार मोटारसायकली, चार फेऱ्या, 500 सीसी, इंधन मिथेनॉल आणि ब्रेक नाहीतच! वळणावर लोखंडी तळाचा डावा बूट जमिनीला घासत मागचं चाक आडवं सरकवतात. पहिल्यांदा मी हौसेने वळणाजवळ बसले, तर केसांत, दातांत नुसती माती. शेजारच्या आजी मात्र पेन घेऊन शांतपणे कार्यक्रमपत्रिकेत गुण भरत होत्या: 3, 2, 1, शेवटच्याला भोपळा. पंधराच्या पंधरा शर्यती!

पण तो पोचेल तेव्हा हंगाम आटोपत आलेला असेल. मग बेमा रस्ता. आइस रिंक तिथेच, आणि 2014 ची अरेना, म्हणजे बंदिस्त क्रीडागृहही. स्वीडनच्या डुप्लांटिसने 2020 मध्ये पोल व्हॉल्टला 6.17 मीटरचा तेव्हाचा विश्वविक्रम केला तो या अरेनातच. बास्केटबॉल संघाचं नाव ऐका: त्वार्दे प्येर्निकी, म्हणजे 'कडक प्येर्निक'. प्येर्निक म्हणजे तिथली आल्याची मसालेदार बिस्किटं. आपल्या जत्रेतल्या आलं घातलेल्या खाज्याची चुलत भावंडं म्हणा.

फोंड्याचा: ब्रेक नाहीत? म्हापशाचे दोन पायलट (आपले मोटारसायकल टॅक्सीवाले) पाठवून द्या, कप घेऊन येतील.

डिचोलीकर: हे त्याच्या आईला वाचायला देत नाही. बाई, सगळं छान, पण माझ्या लेफ्ट बॅकचं काय?

मडगावची_मी: हो हो, वाहवत गेले. विद्यापीठात पोचला की पहिल्या आठवड्यातच एझेडएसकडे चौकशी करू दे. विद्यार्थ्यांचा क्रीडा क्लब तो. एलानाच्या दारात थेट जाण्यापेक्षा ते बरं. हिवाळ्यात मैदान गोठतं, तेव्हा हॉलमध्ये फुटसाल, म्हणजे पाच-पाच जणांचा फुटबॉल. त्याला स्टडचे बूट चालत नाहीत, सपाट तळाचे द्या सोबत.

डिचोलीकर: अनवाणी खेळणाऱ्याला आता दोन जोड. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बघतो.