बारावी झालेल्या मुलांना हा पोलिश झोंबीपट दाखवावा का?

गोदाकाठचा प्रेक्षक

नाशिकमध्ये आम्ही काही मित्र मिळून एका सभागृहात महिन्यातून एकदा परभाषेतील चित्रपट दाखवतो आणि त्यानंतर तासभर चर्चा करतो. बारावीची परीक्षा संपली की त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांसाठी एक वेगळा खेळ ठेवावा, अशी सूचना आली असून त्यासाठी मी क्सावेरी झुवाव्स्की यांचा २०२२ चा 'आपोकाविक्सा' हा पोलिश चित्रपट सुचवला आहे. टाळेबंदीत घरात कोंडली गेलेली वॉर्सातील मुले शालान्त परीक्षा संपताच बाल्टिक समुद्रकिनाऱ्यावरील एका जुन्या वाड्यात रात्रभर धिंगाणा घालायला जमतात. समुद्रात विषारी शेवाळ माजलेले असते आणि त्या पाण्याच्या संपर्कात आलेल्यांचे झोंबी होऊ लागतात, एवढेच त्याचे कथानक आहे. भय आणि विनोद दोन्ही भरपूर आहेत. मात्र आमच्या मंडळातील ज्येष्ठ सदस्यांना हा निव्वळ पोरखेळ वाटतो. चित्रपटानंतर तासभर बोलण्याजोगे त्यात काही आहे का, आणि या वयाच्या मुलांसमोर तो ठेवावा का, याविषयी जाणकारांनी कृपया मत द्यावे.

कॉलेजरोडची शिक्षिका

पोरखेळ म्हणून तो बाजूला सारण्यापूर्वी दिग्दर्शक कोणत्या घरातून आला आहे, हे आपल्या ज्येष्ठ सदस्यांना अवश्य सांगावे. क्सावेरी हे आंद्झेय झुवाव्स्की आणि अभिनेत्री माउगोझाता ब्राउनेक यांचे चिरंजीव. वडिलांचा १९७१ मधील पहिलाच चित्रपट युद्धकाळातील एका विलक्षण वास्तवावर उभा होता: ल्वूफ शहरात रुडॉल्फ वायगल यांच्या संस्थेत टायफसची लस उवांपासून तयार केली जाई, आणि त्या उवा जगवण्यासाठी माणसे पोटापाण्याखातर स्वतःचे रक्त पाजत असत. आंद्झेय यांच्या वडिलांनीही हे काम केले होते. पुढे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आंद्झेय यांच्या एका महत्त्वाकांक्षी विज्ञानपटाचे चित्रीकरण कम्युनिस्ट राजवटीने मध्येच बंद पाडले, आणि तो चित्रपट १९८८ मध्ये, न चित्रित झालेले प्रसंग नुसत्या निवेदनाने भरून काढत, प्रेक्षकांपुढे आला. रोग, शरीर आणि सत्ता यांची सांगड या घराण्यात अशी जुनी आहे. मुलाने तीच सांगड डीजेच्या तालावर बसवली म्हणून ती उथळ ठरत नाही, असे माझे मत आहे.

दुसरा मुद्दा परीक्षेचा. पोलंडमध्ये 'मातुरा' ही शालान्त परीक्षा म्हणजे आपल्याकडील बारावीसारखाच उंबरठा असतो. एरवी मे महिन्यात होणारी ही परीक्षा २०२० मध्ये जूनवर ढकलली गेली. महाराष्ट्रात तर २०२१ ची बारावीची परीक्षा रद्दच झाली, आणि तिच्यासोबत निरोप समारंभ, शेवटच्या दिवशी पांढऱ्या शर्टांवर केलेल्या सह्या, हे सगळेच राहून गेले. आज बारावीला असलेली मुले तेव्हा सातवी-आठवीत होती. त्यांचे काय राहून गेले याची तर कोणी दखलही घेतली नाही. त्यामुळे या चित्रपटातील धिंगाण्यामागची तडफड त्यांना समजावून सांगावी लागणार नाही. समजावून सांगावी लागली तर ती पालकांनाच.

निवृत्त जलरसायनतज्ज्ञ

चित्रपटातील शेवाळाविषयी लिहितो, कारण चर्चेचा खरा ऐवज मला तिथेच दिसतो.

बाल्टिक हा जवळजवळ बंदिस्त समुद्र आहे. डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुन्यांमधूनच तो महासागराशी जोडलेला असल्यामुळे त्याचे पाणी पूर्ण बदलायला दोन-तीन दशके लागतात. नऊ देशांचा किनारा त्याला लाभला आहे. त्यांच्या शेतांतील खते आणि शहरांतील सांडपाणी यांतून नत्र आणि स्फुरद तिथे साठत राहतात, आणि उन्हाळ्यात वारा पडून पाणी तापले की नीलहरित शेवाळाचा तवंग पसरतो. याला आपण शेवाळ म्हणतो खरे, पण ते मुळात जिवाणू आहेत. त्यांच्यातील काही जाती हवेतील नत्र स्वतःच वापरू शकतात, त्यामुळे नुसते नत्र रोखून भागत नाही आणि स्फुरद आटोक्यात आणणे भाग पडते. बाल्टिकमध्ये आढळणारी 'नोड्युलारिया' ही जात यकृताला घातक असे विष तयार करते. ग्दान्स्कच्या आखातातील किनाऱ्यांवर अशा वेळी लाल बावटा लावून पोहायला बंदी घालतात. मेलेले शेवाळ तळाशी जाऊन कुजते, तिथला प्राणवायू खाऊन टाकते आणि समुद्रतळाचे विस्तीर्ण पट्टे निर्जीव होतात. माणसाचा झोंबी होणे एवढाच पटकथेचा कल्पनाविलास आहे. त्याच्या आधीचे सगळे घडते.

योगायोग पाहा. हा चित्रपट २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पोलंडमध्ये झळकला, आणि त्याच वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये पोलंड-जर्मनी सीमेवरील ओडर नदीत शेकडो टन मासे मरून तरंगले होते. तिथला अपराधी वेगळा होता: खाऱ्या पाण्यात वाढणारे सोनेरी शेवाळ. गोड्या पाण्याच्या नदीत ते फोफावले, कारण खाणी आणि कारखान्यांच्या सांडपाण्याने नदी खारट झाली होती. मुलांसमोर ही दोन उदाहरणे शेजारी ठेवावीत, म्हणजे 'प्रदूषण' या एका शब्दाखाली किती वेगवेगळी रसायने लपतात हे त्यांच्या ध्यानात येईल. गोदावरीत दरवर्षी पसरणाऱ्या पाणवेली तर त्यांनी पुलावरून जाता-येता पाहिलेल्याच असतात. त्यांचेही पोषण सांडपाण्यातील नत्र-स्फुरदावरच होते.

सातपूरचा टीकाकार

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, तरी चित्रपटाला त्याच्या लायकीपेक्षा जास्त गुण दिले जात आहेत, असे नम्रपणे नोंदवतो. झोंबी यायला इतका उशीर होतो की तोवर प्रेक्षक दारू, अमली पदार्थ आणि कोणाचे कोणाशी जमले यांच्या हिशेबातच अडकलेला असतो. शेवाळ हे पटकथेला हवे असलेले निमित्त आहे. त्याचा जाब विचारण्याची वेळ येते तेव्हा दिग्दर्शकाला पुढच्या पाठलागाची घाई झालेली असते. पाणी आणि झोंबी यांचे नाते पाहायचेच असेल तर त्याच वर्षी आलेला आदित्य सरपोतदार यांचा मराठी 'झोंबिवली' आहे. त्यात उंच इमारतींची वसाहत आणि पाण्यासाठी झगडणारी वस्ती आमनेसामने उभ्या आहेत, आणि कोणाच्या वाट्याला कोणते पाणी येते हा प्रश्न कथेच्या मुळाशीच आहे. तोही सर्वांगसुंदर नाही. पण मुलांना तो आपला वाटेल आणि उपशीर्षके वाचण्याची दगदगही वाचेल.

कॉलेजरोडची शिक्षिका

उपशीर्षकांची दगदग हे कारण मला पटत नाही. आमची मुले कोरियन मालिका रात्र-रात्र उपशीर्षकांवरच पाहतात. झोंबींना उशीर होतो हे मात्र मान्य. तरीही तो उशीर मला हेतुपूर्वक वाटतो, कारण ज्या मुलांना इतकी वर्षे 'बाहेर धोका आहे' असेच ऐकावे लागले, त्यांना थोडा वेळ तरी धोक्याविना जगू द्यावे, एवढी सहानुभूती दिग्दर्शक दाखवतो. आणि नाशिककरांना विषारी पाण्याची गोष्ट काही नवी नाही! दादासाहेब फाळके यांच्या येथील हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीने १९१९ मध्ये 'कालियामर्दन' काढला, त्यात यमुनेचा डोह नासवणाऱ्या सर्पाशी झुंजणारा बाळकृष्ण त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी हिने साकारला होता. त्याचा बराच भाग आजही पाहायला मिळतो. त्यातील डोहाचा प्रसंग आधी दाखवून मग पोलिश चित्रपट सुरू केल्यास ज्येष्ठ सदस्यांचा विरोधही थोडा मवाळ होईल.

मेनरोडचा वकील

सर्वांचे लक्ष एका कोरड्या बाबीकडे वेधतो. घरच्या ओटीटी खात्यावरून सभागृहात चित्रपट दाखवता येत नाही. त्यासाठी हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. शिवाय १९५२ च्या चलचित्र कायद्यानुसार सार्वजनिक प्रदर्शनासाठी परीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आवश्यक असते. वर वर्णन केलेली दृश्ये पाहता हा चित्रपट केवळ प्रौढांसाठी ठरण्याची शक्यता अधिक, आणि बारावी झालेली बहुतांश मुले सतरा वर्षांचीच असतात. पालकांच्या संमतीपत्राने हा अडसर दूर होत नाही.

गोदाकाठचा प्रेक्षक

सर्वांचा ऋणी आहे. वकील साहेबांचा मुद्दा निर्णायक असल्यामुळे हा खेळ आता अठरा पूर्ण केलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ठेवण्याचे, आणि तोही परवानगी व प्रमाणपत्र यांचा मार्ग मोकळा झाल्यावरच जाहीर करण्याचे मंडळापुढे मांडतो. बारावीच्या मुलांसाठी 'कालियामर्दन' मधील डोहाचा प्रसंग आणि त्यानंतर बाल्टिक, ओडर व गोदावरी यांवर तासाभराचे बोलणे असा स्वतंत्र कार्यक्रम करता येईल. जलरसायनतज्ज्ञ सर, त्या दिवशी आपण बोलायला याल का? येणार असाल तर तारीख आपल्या सोयीने ठरवतो.

निवृत्त जलरसायनतज्ज्ञ

येईन. रविवार सकाळ सोडून कोणतीही वेळ चालेल, आणि शक्य झाल्यास नदीच्या पाण्याचे दोन नमुने आणून स्फुरदाची चाचणी मुलांसमोरच करून दाखवीन.