पिकअपवर कॅम्पर चढवल्यावर मागची बाजू बसते : एअरबॅग लावाव्यात की जादा पाटा टाकावा?

प्रश्न : नमस्कार. मी कोलोरॅडोत राहतो. माझ्याकडे फोर्ड एफ-250 ही पाऊण टनी पिकअप आहे आणि तिच्या हौद्यात ठेवण्यासाठी मी यंदा एक जुना कॅम्पर (राहण्या-झोपण्याची सोय असलेली खोली) घेतला आहे. माहितीपत्रकात त्याचे रिकामे वजन 2,300 पौंड दिले आहे. तो चढवला की गाडी मागून अडीच इंच बसते, घाटातल्या वळणांवर डोलते आणि रात्री दिव्यांचा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर जातो. दुकानदार एअरबॅग (मागच्या एक्सलवर बसणाऱ्या, हवा भरायच्या रबरी पिशव्या) सुचवतो. मला मात्र जादा पाटा (लीफ स्प्रिंग) टाकावासा वाटतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 : काहीही विकत घेण्याआधी कॅम्पर, पाणी, गॅस, सामान आणि घरची माणसे यांसह गाडी काट्यावर न्या. ट्रक थांब्यांवरचे काटे प्रत्येक एक्सलचे वजन वेगळे देतात. केवळ 30 गॅलन पाणी म्हणजे 250 पौंड झाले. मागच्या एक्सलचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील मर्यादेशी ताडून पाहा, कारण पाटे वाढवल्याने गाडी सरळ उभी राहते, पण ती मर्यादा तसूभरही वाढत नाही. एक्सल, टायर आणि ब्रेक तेच राहतात. हे मी कळकळीने सांगतो.

उत्तर 2 : वजन मर्यादेत असेल, तर बसणे आणि डोलणे हे दोन वेगळे दोष समजावेत. आपल्या गाडीत मुख्य पाट्यांच्या वर मदतीचा जाड पाटा असेल, तर तो गाडी बरीच दबल्यावरच टेकतो आणि तोवर ती मोकळी हेलकावते. मधल्या फटीत ठोकळे बसवले की तो आधीपासून भार घेतो. एअरबॅगने उंची अचूक साधते, परंतु दोन्ही बाजूंच्या हवेच्या नळ्या स्वतंत्र ठेवा, अन्यथा वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसरीकडे जाऊन झुकाव वाढतो. जादा पाट्याचा तोटा असा की कॅम्पर उतरवल्यावरही गाडी कडकच राहते. डोलणे तरीही उरले, तर मागचा अँटी-रोल बार (वळणावर गाडीचा झुकाव रोखणारा दांडा) जाड घ्यावा. टायरमधील हवाही तपासा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. काल वजन केले. पाण्याची टाकी भरलेली असताना मागचा एक्सल मर्यादेपेक्षा 90 पौंड जड भरला. यापुढे पाणी मुक्कामाजवळ भरेन आणि टाकी रिकामी ठेवून पुन्हा वजन केल्यानंतरच ठोकळे बसवेन.